न लिहिलेलं हसू

“ऐकतेस ना गं?”

तीस वर्षं उलटली, तरी तो आवाज पेन्सिलबाईंच्या कानातून उतरला नव्हता. दुपारी एकच्या सुमारास, पाठीमागे पन्नास घड्याळांची टिकटिक घेऊन तो यायचा. आधी घसा खाकरायचा, मग विचारायचा, “ऐकतेस ना गं?” पलीकडून एक चिमुकला आवाज लांबलचक “होऽऽ” म्हणायचा, आणि बोलणं सुरू व्हायचं. शाळेत काय झालं, आत्याने वेणी घट्ट घातली की सैल, गणिताच्या बाई आजही ओरडल्या का. आवाज एका घड्याळजीचा होता. जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं दार अर्धं ओढून तो दूरगावी आत्याकडे शिकायला राहिलेल्या आपल्या लेकीला फोन करी. बोलणं संपत आलं की गुणगुणे,

बारीक काटा पळे, मोठा चाले सावकाश,
लेक माझी एवढीशी, तिच्या डोळ्यांत आकाश.

रोज तेच. लेक म्हणे, “बाबा, पाठ झालंय मला!” तो म्हणे, “मला नाही झालं अजून,” आणि फोन ठेवी.

बापलेकींना वाटे, आपण दोघंच बोलतोय. मधे तिसरी बसलेली असे. बावीस वर्षांची, नुकती नोकरीला लागलेली, कानांवर हेडफोन, पायाखाली टेप मागेपुढे करायचं पेडल, हातात पेन्सिल. सरकारच्या ऐकण्याच्या खोलीत अशा आठ मुली होत्या. लोकांचं कालचं बोलणं आज टेपवर ऐकायचं, शॉर्टहँडमध्ये उतरवायचं आणि मग टाइप करून वरच्या मजल्यावर पाठवायचं. घड्याळजीने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. त्याच्या दुकानात एक वर्तमानपत्रवाला अधूनमधून फोन करायला येई, आणि ऐकणाऱ्या खात्याचा डोळा होता तो त्या वर्तमानपत्रवाल्यावर. पण एका अधिकाऱ्याने एका कागदावर सही केली, की त्या फोनवरचं सगळंच ऐकायचं, असा तेव्हाचा कायदा. घड्याळजीने “ऐकतेस ना गं?” म्हटलं, की टेपला कान लावून बसलेल्या त्या मुलीच्याच ओठांवर “हो” येई. पहिल्या आठवड्यात तर दोनदा तिने ते खरंच म्हटलं. शेजारची फिस्सकन हसली होती.

एक दिवस तो आवाज यायचा थांबला. का थांबला, ते त्या खोलीत तिला एकटीलाच नीट ठाऊक होतं. तिने ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही. तो बिचारा काही न कळता वारला. स्वतःच्या लेकीलाही नाही.

आता ती बावन्न वर्षांची होती. ऐकण्याची खोली सोडून बदलीवर विधिमंडळात आली, त्याला जमाना झाला होता. समित्यांच्या बैठकांत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द टिपायचं, हे तिचं काम. रोज सकाळी सहा पेन्सिली भाल्यासारख्या टोकदार करून टेबलावर ओळीने मांडायच्या, म्हणून सगळे तिला पेन्सिलबाई म्हणत. सभेत लघुलेखकाने बोलायचं नसतं. त्याला एकच हक्क असतो. शब्द नीट ऐकू आला नाही तर पेन्सिल उंच करायची. मग बोलणारा कितीही मोठा असो, त्याने थांबायचं आणि वाक्य पुन्हा म्हणायचं. “आमच्या पेन्सिलबाई मंत्र्यालासुद्धा उलट्या पावली चालायला लावतात,” असं शिपाईमामा नव्या माणसांना कौतुकाने सांगत. तेवीस वर्षांत पेन्सिलबाईंनी हजार वेळा पेन्सिल उंच केली असेल. तोंड एकदाही उघडलं नव्हतं.

आणि त्या सोमवारी समितीपुढे विषय आला तो नेमका ऐकण्याच्या कायद्याचा.

दारं बंद. आत फोन नको, ध्वनिमुद्रण नको, म्हणून सगळ्यांचे फोन बाहेर लाकडी खणांत ठेवलेले. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसून मसुदा वाचला. नव्या कायद्यात दोन गोष्टी होत्या. एक, कुणाचं बोलणं ऐकायचं तर आधी न्यायाधीशाची परवानगी हवी, आणि काम झाल्यावर त्या माणसाला कळवायला हवं. दुसरी, ज्या कंपन्या कुलूपबंद निरोपांची सोय देतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधे कुणालाच वाचता येत नाही अशी, त्यांच्यावर सरकारसाठी दुसरी किल्ली बनवायची सक्ती करायची नाही. खात्याला दोन्ही गोष्टी नको होत्या. त्याला न्यायाधीश नको होता आणि दुसरी किल्ली हवी होती.

साक्षीला आली ती चाळिशीच्या आतली एक बाई. असं कुलूप बनवणाऱ्या कंपनीतली इंजिनिअर. साधा सुती सदरा, मनगटावर एक जुनं किल्लीचं घड्याळ, पुरुषी, तिच्या हाताला मोठं होणारं. सदस्यांनी तिचं नाव मनातल्या मनात ‘कुलूपवाली’ ठेवून टाकलं होतं, आणि अर्ध्या तासात ते तोंडावरही आलं.

“कुलूपवाल्या बाई,” सदस्यांतले निवृत्त फौजदार म्हणाले, “एक किल्ली सरकारकडे राहिली तर तुमचं काय वाहून जातं? आम्ही काय चोर आहोत?”

“नाही हो काका. पण किल्ली पाहून चोराला मोह होतोच ना. तुमच्याच खिशात राहील आणि दुसऱ्याच्या हाती कधीच लागणार नाही, अशी किल्ली मला बनवता येत नाही. कुणालाच येत नाही. मी बनवली, तर ती तुमच्या शत्रूकडेही जाईल, आणि तुमच्या नातीच्या मागे लागलेल्या एखाद्या टवाळाकडेही जाईल.”

“नातीला मधे आणू नका.” पण फौजदार जरा मऊ झाले. “हे बघा, मी नोकरीत असताना एक पळवलेली पोर सापडली, ती फोन ऐकला म्हणूनच. हे कसं विसरू?”

“विसरू नका. त्या दिवशी न्यायाधीशाची सही घ्यायला किती वेळ लागला असता?”

फौजदारांनी मिशीवरून बोट फिरवलं. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. “तासभर,” म्हणाले.

“मग तेवढंच मागतोय आम्ही. एका माणसाचं ऐका, कारण सांगून ऐका. गावाच्या गाव कशाला?”

पेन्सिलबाईंची पेन्सिल सरसर चालली होती. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी विचारलं, “तुम्ही या विषयावर एवढ्या पोटतिडकीने बोलता. काही कारण?”

कुलूपवालीने मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हाताने झाकलं.

“माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे.”

पेन्सिलीचं टोक मोडलं. पेन्सिलबाईंनी दुसरी उचलली. 

“मी आठ वर्षांची, आत्याकडे राहायचे. माझ्या शाळेला एक दाखला हवा होता, त्यासाठी बाबा एका कचेरीत खेटे घालत होते. एक दिवस त्यांना दुकानातून उचलून नेलं. समोर एक टाइप केलेला कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं, ‘उद्या नववी खेप. नाही दिला दाखला, तर काडीच लावतो त्या कचेरीला.’ माझ्याशीच बोलले होते म्हणे ते. मला काही आठवत नाही. चौदा महिन्यांनी सुटून आले. त्यानंतर त्यांनी कधी फोन हातात धरला नाही. घंटा वाजली की उठून अंगणात जायचे. एक गाणं म्हणायचे माझ्यासाठी, तेही बंद झालं. मला सारखं विचारायचे, ‘वाक्य माझंच आहे. पण मी असा माणूस आहे का गं? असं मनात होतं का माझ्या?’ मरेपर्यंत त्यांना स्वतःचीच खात्री पटली नाही.”

 शिपाईमामांच्या हातातला चहाचा ट्रेसुद्धा किणकिणायचा थांबला.

“कागद आहे का काही?” अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

“नाही. टेपा पुसल्या, कागद जाळले, असं उत्तर मिळालं.”

“तर मग मला तुमचं दुःख नोंदवता येईल, पुरावा म्हणून धरता येणार नाही.” अध्यक्षबाईंनी सदस्यांकडे पाहिलं. “खात्याचं म्हणणं आहे की जुन्या कायद्याने आजवर एकाही निरपराध माणसाचं नुकसान झालेलं नाही. ते खरं असेल तर न्यायाधीशाच्या कलमाची गरज काय, असं आपल्यातले तिघं विचारताहेत. एक जरी उदाहरण शाबीत झालं, तर मी ते कलम हलू देणार नाही. उद्या खात्याची साक्ष. मग मतदान.”

पेन्सिलबाईंनी तेही लिहून घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

मधल्या सुट्टीत त्या कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभ्या राहिल्या.  ते वाक्य टाइप करताना झालेला खटखटाट त्यांना ऐकू येत होता. आणि त्या आधीचंही ऐकू येत होतं. घड्याळजी ते वाक्य बोलला आणि असा खदाखदा हसला, की टेपवर दुकानातल्या कपाटाच्या काचा थरथरल्या. लेक किंचाळली होती, “मी पण येणार काडी लावायला!” मग दोघंही हसत सुटली. आठ वेळा हेलपाटे घालून वैतागलेला माणूस आणि त्याची पोर. त्यात होतं काय दुसरं?

पण ऐकण्याच्या खोलीत भिंतीवर कागद डकवलेला होता. ‘फक्त विषयाचे शब्द लिहावेत. हसणे, रडणे, खोकणे, गाणे, मुलांची बडबड लिहू नये.’ वरच्या साहेबांना वेळ नसतो. पेन्सिलबाईंनी नोकरीच्या पहिल्या महिन्यात एकदा कंसात ‘हसतो’ असं टाइप केलं होतं. खोलीचा मुख्य, ज्याला सगळ्या मुली मागून ‘मोठा कान’ म्हणत, त्याने त्यावर तांबडी रेघ ओढली होती. “हे काय? नाटक लिहितेस का? पडदा कधी पाडणार?” सगळ्या हसल्या होत्या. तेव्हापासून तिने टाइप करताना हसू गाळलं. शॉर्टहँडच्या वहीत मात्र, नुसती स्वतःच्या समाधानाला, ती हसण्याच्या जागी एक बारीकशी चंद्रकोर काढी. त्या दिवशी वाक्यापाठोपाठ तिने तीन चंद्रकोरी काढल्या होत्या. टाइप केलेल्या कागदावर एकही गेली नाही.

दर शनिवारी वह्या भट्टीत जात. त्या शनिवारी तिने भट्टीत दुसरीच वही टाकली आणि ही डब्याखाली लपवून घरी आणली. धाडस नव्हतं ते. आपल्या हातून काय झालं हे जाळायचीही भीती वाटली, एवढंच.

“ओळखलंत का?”

पेन्सिलबाई दचकून वळल्या. समोर एक पिकल्या केसांचा गृहस्थ, हातात कप. कान अजून तेवढेच मोठे. आता तो खात्याचा सल्लागार होता. उद्याची साक्ष त्याचीच.

“साहेब,” त्यांच्या तोंडून गेलं. 

“तुमचं अक्षर फार चांगलं होतं. मी नेहमी सांगतो, तसल्या मुली आता मिळत नाहीत. पोटात ठेवणाऱ्या.” त्याने कपात फुंकर मारली. “शपथ घेतली होती आपण सगळ्यांनी. ती नोकरी सुटली म्हणून सुटत नाही, नाही का? सात वर्षं आत घालतात हो अजून. कुणी बोललं तर. कोण बोलणार म्हणा.”

“हो ना,” पेन्सिलबाई म्हणाल्या.

“लेक काय करते? नर्स ना, सरकारी दवाखान्यात? सर्दीने हैराण आहे बिचारी.” तो हसला. अगदी घरच्यासारखा हसला. “तिला सांगा, वाफ घेताना टॉवेल डोक्यावरून नीट ओढून घे, कडेने वाफ निसटते.”

आणि कप ठेवून निघून गेला.

 काल संध्याकाळी फोनवर पेन्सिलबाईंनी लेकीला हेच सांगितलं होतं. याच शब्दांत. टॉवेल, डोक्यावरून, कडेने. लेक परगावी एकटी राहणारी. त्या क्षणी तिच्या लहानशा खोलीत, त्या टॉवेलखाली, वाफेच्या उबेत, आणखी कुणीतरी शिरून बसलंय असं त्यांना वाटलं. तीस वर्षांपूर्वी आपण जशा एका दुकानात शिरून बसलो होतो, तसंच.

घरी आल्या तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. त्यांनी खिडकी लावून घेतली. मग वाटलं, लावली तर जास्त संशय येईल, म्हणून अर्धी उघडली. शिवणयंत्राच्या झाकणाखालून ती वही काढली. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. तीन चंद्रकोरी जिथल्या तिथे. जाळावी का? काडी हातात घेतली आणि अंग शहारलं. काडी. त्यांनी पेटी परत ठेवून दिली.

फोन वाजला. लेकीचा. पेन्सिलबाईंना तो उचलवेना. सात वेळा वाजला तेव्हा उचलला.

“आई? झोपली होतीस का गं?”

“नाही. बरी आहेस?”

“नाक वाहतंय गंगेसारखं. तुझा आवाज असा का येतोय?”

“कसा?”

“कुणीतरी बाजूला उभं असल्यासारखा.”

  “जेवलीस का?” पेन्सिलबाई म्हणाल्या. “बरं, ठेवते,” म्हणाल्या. ठेवलाही.

दोन मिनिटं गेली. मग फोनवर वेगळीच घंटी वाजली. पडलेल्या चेहऱ्याने त्यांनी पाहिलं. गेल्या सुट्टीत लेकीने त्यांच्या फोनवर कुलूपबंद बोलण्याचं ते ॲप टाकून दिलं होतं. “शिकून घे आई, सोपं आहे.” पेन्सिलबाईंनी कधी उघडलं नव्हतं. ज्यांनी उमेदीची वर्षं दुसऱ्यांची दारं उघडी पाहण्यात घालवली, त्यांना कुलपावर विश्वास कसा बसावा? आज त्यांनी हिरवं बटण दाबलं.

“आता सांग,” लेक म्हणाली. “इथे कुणी नाही. तू आणि मी.”

“खरंच कुणी नाही?”

“खरंच. मधे कुणी बसलंच, तर त्याला नुसती खरखर ऐकू येईल.”

पेन्सिलबाई नुसत्या ऐकत राहिल्या.  पलीकडे लेक नाक ओढत होती, तेवढा आवाज. आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की तीस वर्षांत आज पहिल्यांदा आपण फोन कानाला लावून श्वास रोखलेला नाही. पदर डोळ्यांना लावून त्या रडल्या. घाबरायलासुद्धा माणसाला चार भिंती लागतात. त्या आज मिळाल्या होत्या.

“माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली होती गं,” शेवटी म्हणाल्या. “तुझ्या जन्माआधी. काय ते आत्ता विचारू नकोस, जीभ रेटत नाही. पण उद्या मी ती बोलले, तर कदाचित मला आत टाकतील. तुझ्या नोकरीवरही येईल.”

 लेकीचा घोगरा आवाज आला. “आणि नाही बोललीस तर?”

“तर काही होणार नाही. सगळं आहे तसंच राहील.”

“म्हणजे तू कायम अशीच. मी लहान असल्यापासून बघतेय, फोन वाजला की तुझा चेहरा पांढरा पडतो. मला वाटायचं, मीच काही केलंय.” तिने नाक पुसलं. “आई, माझी नोकरी मी बघून घेईन. तू घाबरू नकोस असं म्हणत नाही मी. घाबर. पण घाबरत घाबरत का होईना, बोल.”

“मोठी शहाणी.”

“तुझ्यावरच गेलेय.” आणि शिंकली. “आणि ऐक, टॉवेल नीट घेतला होता हं.”

सकाळी पेन्सिलबाईंनी सहाही पेन्सिली तासल्या आणि वही पिशवीत तळाला घातली. फाटकावर पहारेकरी रोज नुसती मान हलवायचा. आज म्हणाला, “पिशवी दाखवा बाई. वरून हुकूम आहे, सगळ्यांची बघायची.”

 त्याने डबा काढला, छत्री काढली, मग वही. पानं चाळली. पेन्सिलबाईंच्या कानांत स्वतःच्या छातीचे ठोके पन्नास घड्याळांसारखे वाजू लागले.

“हे काय लिहिलंय? मुंग्या चालल्यात नुसत्या.”

“शॉर्टहँड आहे. माझं कामच ते.”

“तुम्हाला तरी वाचता येतं का परत?” त्याने हसून वही परत कोंबली. “जा जा. आमच्या बायकोची वाण्याच्या सामानाची यादीही अशीच असते.”

पेन्सिलबाईंनी पिशवी छातीशी धरली आणि पायऱ्या चढल्या.

खोली कालच्यासारखीच. कुलूपवाली भिंतीशी खुर्चीवर बसली होती, साक्ष संपली तरी मतदान ऐकायला थांबलेली. हाताला मोठं होणाऱ्या घड्याळाला ती नकळत किल्ली देत होती. मोठा कान साक्षीच्या खुर्चीत बसला. पेन्सिलबाईंकडे पाहून अगदी ओळखीचं हसला.

तो बोलला छान. शांत, अनुभवी, वडीलधारा. देशाचे शत्रू, पळवलेली मुलं, बाँब, सगळं सांगितलं. फौजदारांची मान हलत होती. “आमच्या खात्याने ऐकलं ते फार जपून,” तो म्हणाला. “प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवून घेतला. चाळीस वर्षांच्या नोंदी मी स्वतः तपासल्या आहेत. ऐकण्यामुळे एकाही निरपराध माणसाला त्रास झाल्याची नोंद नाही.”

पेन्सिलबाईंनी ‘नोंद नाही’ इथपर्यंत लिहिलं. मग हात थांबला. वर्गात एखाद्या पोरीने उत्तर येत नसताना हात वर करावा, तशी त्यांची पेन्सिल उंच झाली.

“पुन्हा सांगा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “लघुलेखकांना ऐकू आलं नाही.”

मोठ्या कानाचं हसू किंचित आकसलं. “मी म्हणालो, प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवला, आणि एकाही निरपराध माणसाला त्रास झाल्याची नोंद नाही.”

पेन्सिल उंचच.

“काय झालं बाई?” फौजदार म्हणाले. “मला या कोपऱ्यात ऐकू आलं.”

“अजून एकदा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. नियम तो नियम.

“एकाही,” मोठा कान आता एकेक शब्द दाताखालून काढत होता, डोळे पेन्सिलबाईंवर रोखलेले, “निरपराध माणसाला. त्रास. झाल्याची. नोंद. नाही. लेकीला विचारा हवं तर, वाफ जास्त घेतली की कान बंद होतात कधीकधी.”

कुणाला काही कळलं नाही. एकटीला कळलं. आणि नवल असं, की ते कळताच पेन्सिलबाईंच्या मनातली शेवटची गाठ सुटली. भीती गेली नाही. ती पायांत होती, पोटात होती, दातांत वाजत होती. पण आता तिच्यामागे लपायला जागा उरली नव्हती. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांत सभा चालू असताना त्यांनी ती कधी खाली ठेवली नव्हती. तो बारीकसा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

त्या उभ्या राहिल्या.

“अध्यक्षबाई,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला, “हे मला लिहिता येणार नाही.”

“बसा,” मोठा कान एकदम म्हणाला. “त्यांना बोलायचा अधिकार नाही. त्या शपथेने बांधलेल्या आहेत.”

“शपथ कसली?” अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “ह्या समितीपुढे कुणाला बोलू द्यायचं ते मी ठरवते. बोला बाई. काय लिहिता येणार नाही?”

पेन्सिलबाईंनी पिशवीतून वही काढली. पान उघडायला वेळ लागला. उघडल्यावर त्यांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं नाही, मोठ्या कानाकडेही नाही. भिंतीशी बसलेल्या त्या बाईकडे पाहिलं. ती आठ वर्षांचीच दिसली त्यांना. वेणी घट्ट की सैल, तेवढं मात्र कळेना.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “ते वाक्य मी टाइप केलं होतं. काडी लावतो म्हणाले, ते खरं. पण तुझे बाबा हसत होते गं. खदाखदा हसत होते, आणि तूही हसत होतीस. मी ऐकलं होतं. आणि मी ते लिहिलं नाही.”